वरच्या खुर्चीचा माणूस पारखताना क्लायंटला किती खरं सांगायचं?

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. आठवडाभर एकच प्रश्न डोक्यात घोळतोय आणि ऑफिसात तो मोकळेपणाने बोलता येत नाही.

पुण्यात आमचं छोटं सर्च ऑफिस आहे, मला धरून चौघं. कंपन्यांना सीईओ, प्लांट हेड, सीएफओ (वित्तप्रमुख) अशी वरची माणसं शोधून द्यायची, हे काम मी सतरा वर्षं करतोय. सध्या हातात चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याचं काम आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. घरचा धंदा, दुसरी पिढी, आणि आता पहिल्यांदाच घराबाहेरचा सीईओ आणायचाय. मोठे साहेब बहात्तर वर्षांचे, मुलाला डिझाइनमध्ये रस आहे पण रोजचा कारखाना चालवण्यात नाही. हे दोघांनी एकमेकांशी बोलून मान्य केलंय, हेच मला फार मोठं वाटतं.

चाळीसेक नावांतून अकरा जणांना भेटलो, चार जण साहेबांसमोर नेले. त्यातल्या एकावर साहेबांचं तासाभरात मन बसलं. मोठ्या कंपनीतला अनुभव, बोलणं नेमकं, आकडे तोंडपाठ. निघताना साहेब स्वतः गाडीपर्यंत सोडायला गेले.

मग रेफरन्स. उमेदवाराने दिलेली पाच नावं चांगलंच बोलतात, ते आपण धरूनच चालतो. त्याशिवाय आम्ही आमच्या ओळखीतून, त्यांच्या आत्ताच्या कंपनीला सुगावा लागणार नाही अशा बेताने चौकशी करतो. त्यात त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका गृहस्थांशी बोलणं झालं. मी माझा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "त्यांच्याबरोबर परत काम कराल का?" इतका वेळ आवाज आला नाही, की कॉल कट झाला का म्हणून मी स्क्रीन बघितली. मग ते म्हणाले, "आकडे आणतील. माणसं राहणार नाहीत." पुढे आणखी दोघांकडून तेच वेगळ्या शब्दांत कळलं. थेट त्यांना रिपोर्ट करणारे नऊ जण होते, दोन वर्षांत सहा गेले.

हे मी इतकं मनाला का लावून घेतोय, तर २०१४ साली माझ्या हातून एक चूक झाली. असाच प्रसंग होता. तीन जणांनी सांगितलं होतं की हा माणूस भर मीटिंगमध्ये लोकांचा पाणउतारा करतो. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "स्वभाव किंचित आग्रही." क्लायंट खूश होते, तारीख ठरली होती, मला मोडता घालायचा नव्हता. अकरा महिन्यांत ते गृहस्थ गेले, आणि त्यांच्या आधी मेंटेनन्स हेड आणि पर्चेस हेड गेले. क्लायंट भांडले नाहीत. बिलाचे सगळे पैसे देऊन झाले होते. पण पुन्हा त्यांचा फोन आला नाही, आणि त्यांच्या मेव्हण्याच्या कारखान्याचं कामही दुसरीकडे गेलं.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. आमची फी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश, तीन हप्त्यांत. एक काम घेताना, एक शॉर्टलिस्ट दिल्यावर, एक माणूस रुजू झाल्यावर. म्हणजे खरं सांगितलं की माझाच तिसरा हप्ता लांबतो. वर्षअखेर जवळ आली की हा विचार मनात येतो.

तर विचारायचंय असं: हे साहेबांना कधी सांगावं, तोंडी की लेखी, आणि ज्याने विश्वासाने सांगितलं त्याला कसं सांभाळावं? या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. दोन तपशील जुळवले की नाव कळतं.

---

साचा | सोमवार, रात्री ११:२०

घाटमाथा, मी तुमच्या साहेबांच्या बाजूचा माणूस. कोल्हापुरात आमची फाउंड्री आहे, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, शिरोली एमआयडीसीत. सर्च फर्मला फी दिलेली आहे, दोनदा पस्तावलोय, एकदा चांगला माणूस मिळालाय.

एक सांगतो बघा. वाईट बातमीचा राग येत नाही, उशिराचा येतो. माझं मन बसायच्या आधी सांगितलं असतंत तर मी मुकाट्यानं ऐकलं असतं. आता घरात बायकोला सांगून झालेलं असतं, भावाला सांगून झालेलं असतं, सीएला सांगून झालेलं असतं. आता तुम्ही सांगणार म्हणजे मला त्या सगळ्यांकडं परत जावं लागणार. तरीपण सांगा. उद्याच सांगा.

आणि माणूस केबिनमध्ये बसवून बघू नका. जो चांगला मिळाला त्याची गोष्ट सांगतो. मी त्याला प्लांट दाखवायला नेलं आणि फेटलिंगच्या (ओतलेले भाग साफ करायच्या खात्याच्या) मागं जिथं रिजेक्शनचा ढीग असतो तिथं मला मुद्दाम फोन आला असं दाखवून दहा मिनिटं बाजूला झालो. आधीचे दोघं तिथं मोबाइल बघत उभे राहिले होते. ह्यानं एक कास्टिंग (ओतलेला भाग) उचललं, उजेडाकडं धरलं, ब्लोहोलवरनं, म्हणजे हवेनं पडलेल्या भोकावरनं, अंगठा फिरवला आणि शेजारच्या पोराला विचारलं, "वाळूतला ओलावा आज किती होता?" पोरगं म्हणालं, "सकाळी मोजला नाही साहेब." ह्यानं त्याला झापलं नाही. "मोजायचं यंत्र बंद आहे का?" एवढंच विचारलं. ते खरंच बंद होतं, आणि मला माहीत नव्हतं. सहा वर्षं झाली, अजून माझ्याकडं आहे.

---

मापदंड | मंगळवार, सकाळी ८:०५

साचा यांच्या पोस्टला अनुमोदन. आम्ही याच गोष्टीला, म्हणजे माणसाला प्रत्यक्ष कामात पाहण्याला, कामाचा नमुना म्हणतो.

माझं क्षेत्र औद्योगिक मानसशास्त्र, म्हणून थोडं लांब लिहिते. निवडीच्या पद्धतींवर श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा नंतरच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१ आला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.३८. मग २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या हिशोबातली एक दुरुस्ती फार सढळ झाल्याचं दाखवून आकडे पुन्हा काढले. ठरीव मुलाखत ०.४२ वर आली आणि तरी पहिल्या क्रमांकावर राहिली. मोकळी मुलाखत ०.१९ वर घसरली. म्हणजे तुमच्या साहेबांचं ज्या तासाभरात मन बसलं, तो तास पुढच्या कामाबद्दल फार थोडं सांगतो. त्यांची समज कमी आहे असं मुळीच नाही, ती पद्धतच तेवढी सांगू शकते.

वाईट याचं वाटतं, की पद जितकं वरचं तितकी मुलाखत जास्त मोकळी होते. शिकाऊ इंजिनिअरला तीन परीक्षा, आणि सीईओबरोबर क्लबमध्ये जेवण. वरच्या माणसाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणं लोकांना अपमानाचं वाटतं. माझा अनुभव असा की चांगल्या उमेदवारांना ते आवडतं. कोणीतरी आपल्याला मन लावून ऐकतंय हे त्यांना कळतं.

करायला सोपं आहे. कामाच्या पहिल्या दीड वर्षात काय व्हायला हवं ते आधी लिहायचं. त्यावरून सहा-सात प्रश्न काढायचे, सगळे घडलेल्या प्रसंगांबद्दल: "हाताखालच्या माणसाला काढावं लागलं तो शेवटचा प्रसंग सांगा. आधी काय बोललात? तो काय म्हणाला?" प्रत्येकाने आपापले गुण कागदावर लिहायचे आणि मगच चर्चा. मोठे साहेब आधी बोलले की खोलीतल्या बाकीच्यांचे गुण आपोआप त्यांच्या गुणांसारखे होतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कागद गोळा केल्याशिवाय कोणाला बोलू देत नाही.

---

चौथा_मजला | मंगळवार, दुपारी १:३०

मी बाणेरमधल्या एका परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात टॅलेंट ॲक्विझिशन, म्हणजे भरती, बघतो. थोडी उलट बाजू मांडतो.

नऊपैकी सहा गेले, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या माणसाला कुठल्या परिस्थितीत पाठवलं होतं? बुडीत निघालेला प्लांट सावरायला पाठवलं असेल, तर सहा जाणं हेच कदाचित त्याचं काम असेल. आणि गेलेल्या माणसाला आपल्या जुन्या साहेबाबद्दल विचारलं तर तो काय सांगणार? तिघांनी एकच सांगितलं म्हणता, पण ते तिघं एकमेकांच्या संपर्कात असतील तर ते एकच मत झालं.

मी उमेदवार असतो आणि माझ्या पाठीमागे अशा तीन फोनवर माझा निकाल लागला असता, तर मला तो अन्याय वाटला असता. गेलेले सहा कोण होते, त्यांच्या जागी कोण आले आणि ते टिकले का, हे तीन प्रश्न आधी सोडवा. मग क्लायंटकडे जा.

---

घाटमाथा | मंगळवार, रात्री ९:५०

चौथा_मजला, तुमचं बरोबर आहे. मी आकडा धरून बसलो आणि खाली उतरून पाहिलं नाही. आज दिवसभर त्याच्याच मागे होतो. त्या तिघांपैकी दोघं एकाच वेळी एकाच प्लांटला होते, म्हणजे तुमची शंका खरी. तिसरे मात्र आधीच्या कंपनीतले, चार वर्षांपूर्वीचे, आणि त्या दोघांना ओळखतही नाहीत. उद्या आणखी दोन फोन आहेत.

मापदंड ताई, दीड वर्षात काय व्हायला हवं ते आम्ही लिहिलं होतं, पण साहेबांच्या मुलाखतीत तो कागद कोणी उघडलाच नाही. मी तिथेच बसलो होतो. उघडायला सांगायचं काम माझं होतं.

---

तळटीप | मंगळवार, रात्री १०:३५

मी कंपनी सेक्रेटरी. घाटमाथांच्या क्लायंटची कंपनी बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड असणार, तिला पुढचं लागू नाही. पण लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांची कामं करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण तिथे घाईचं मूळ कायद्याच्या मुदतीत असतं.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ प्रमाणे एमडी (व्यवस्थापकीय संचालक) किंवा सीईओ, सीएफओ, सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांची जागा रिकामी झाली की संचालक मंडळाने ती ६ महिन्यांत भरायची. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये नियम २६ए आणून लिस्टेड कंपन्यांसाठी ती मुदत ३ महिन्यांवर आणली, आणि हंगामी नेमणुकीची पळवाटही बंद केली. आता हिशोब करा. वरच्या माणसाचा नोटीस पिरियडच बहुतेक ठिकाणी ९० दिवसांचा. म्हणजे शोध, पारख, वाटाघाटी या सगळ्याला उरतं काय? रिकामी झाल्यावर शोधायला निघालात तर पारखायला वेळच नाही. म्हणून कलम १७८ खालच्या नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीने (नेमणुका आणि मानधन बघणाऱ्या संचालकांच्या समितीने) वारस कोण याची चर्चा खुर्ची भरलेली असतानाच करायची असते. मी ज्या बैठकांची इतिवृत्तं लिहितो त्यांत हा विषय बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत येतो, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

एक साधी तपासणी कोणी वगळू नये. उमेदवार आधी कुठे संचालक असेल तर कलम १६४ खाली अपात्र ठरलाय का, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. मी एकदा ऑफर लेटर निघाल्यावर हे पाहिलेलं आहे. ऑफर मागे घेताना सगळ्यांचीच मान खाली गेली होती.

---

शेवाळवाट | बुधवार, सकाळी ७:१५

उमेदवाराच्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी दोन कंपन्यांत सीईओ होते, त्यातली एक अशीच घरची, नाशिककडची.

मला ज्यांनी तिथे नेलं त्यांनी मला कंपनीचं सगळं सांगितलं, घराचं काही सांगितलं नाही. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की पन्नास हजारांवरची प्रत्येक पर्चेस ऑर्डर मालकांच्या काकांकडे सहीला जाते, आणि काका दुपारी दोन ते पाच झोपतात. माझ्या नेमणूकपत्रात दोन कोटींपर्यंतचे अधिकार लिहिले होते. स्टोअरवाला मला म्हणाला, "मॅडम, तुमची सही चालते, पण काकांची पण लागते." काका माणूस म्हणून फार चांगले होते, माझ्या मुलीच्या बारावीच्या निकालाला पेढे घेऊन आले. पण मी चौदा महिन्यांत बाहेर पडले.

घाटमाथा, त्या सर्च फर्मने मालकांना खरं सांगायला हवं होतं तसंच मलाही. तुम्ही साहेबांचीही तेवढीच पारख करा. सही कोणाची, बँकेत कोण जातं, वर्कर थेट कोणाकडे तक्रार घेऊन जातात, मुलगा आणि वडील यांचं एखाद्या मशीनवरून जुंपलं तर शेवटचा शब्द कोणाचा. हे उमेदवाराला आधी कळलं, तर निम्मे जण स्वतःहूनच मागे होतील आणि जे उरतील ते टिकतील.

आणि गुप्तता. माझ्या एका शोधाच्या वेळी कोणीतरी माझ्याच कंपनीतल्या माणसाला चौकशीचा फोन केला. ते दिवाळीचे दिवस होते. चार दिवसांत चेअरमननी बोलावून विचारलं. ती नोकरी मिळाली नाही, आणि होती तिथला विश्वासही गेला.

---

पाणवठा | बुधवार, सकाळी ११:००

शेवाळवाट यांच्या काकांवरून आठवलं, हे मोठ्या घरांतही घडतं. टाटा सन्सने वारस निवडायला समिती नेमली, वेळ घेतला, आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्या समितीवरच असलेल्या सायरस मिस्त्रींचं नाव जाहीर झालं. त्यांनी २०१२ च्या अखेरीला सूत्रं घेतली आणि २४ ऑक्टोबर २०१६ ला त्यांना हटवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मार्च २०२१ मध्ये टाटा सन्सच्या बाजूने निकाल लागला. इन्फोसिसमध्ये, जी १९८१ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली, विशाल सिक्का २०१४ मध्ये संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ झाले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये राजीनामा देऊन गेले. नंदन निलेकणी परत आले, आणि २०१८ च्या जानेवारीपासून सलील पारेख.

माझं वाचन असं, की दोन्हीकडे माणसाच्या कुवतीपेक्षा आधीची पिढी आणि नवा माणूस यांच्यात कोणाचा अधिकार कुठे संपतो, हा वाद मोठा होता. ते शॉर्टलिस्टमध्ये दिसत नाही.

---

चौथा_मजला | बुधवार, दुपारी ४:१०

फीबद्दल कोणी बोललं नाही. टक्केवारीची फी असली की माणूस जितका महाग तितकी फर्मची कमाई जास्त, हे क्लायंटला कळत नाही असं समजू नका. एगॉन झेंडर यांनी १९६४ साली झुरिकमध्ये स्वतःची फर्म काढली, ती टक्केवारीऐवजी ठरलेल्या फीवर काम करण्यासाठी ओळखली जाते. तुमच्या आकाराच्या ऑफिसलाही ते जमू शकेल. निदान तिसरा हप्ता रुजू होण्याला बांधू नका, ठरलेल्या महिन्याला बांधा. मग खरं सांगताना हात अडखळणार नाही.

---

घाटमाथा | शनिवार, रात्री ११:३०

उशीर झाला, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

गुरुवारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. गेलेल्या सहांपैकी चौघांना कंपनीनेच काढायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या जागी आलेले चौघंही अजून टिकून आहेत. उरलेले दोघं चांगले होते आणि दुखावून गेले. चार वर्षांपूर्वीच्या कंपनीतल्या गृहस्थांचंही असंच दुखणं. म्हणजे माझ्या मनातलं पहिलं चित्र निम्मं चूक होतं. चौथा_मजला, तुम्ही थांबवलं नसतंत तर मी एका माणसाचं नुकसान केलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो. ऑफिसात मुद्दाम नाही. आधी तोंडी सांगितलं, मग दीड पानाचा कागद दिला. कोणाचं नाव नाही, प्लांट नाही, वर्ष नाही. फक्त "हाताखाली काम केलेल्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांमधल्या पाच जणांशी बोलून" आणि काय कळलं ते. साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग पहिलं पान परत वाचलं. त्यांचा पहिला प्रश्न, "हे मागच्या सोमवारी माहीत होतं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग सोमवारीच यायचंत." साचा दादा, शब्दन् शब्द तुमचा.

चहा आला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी मुलाला बोलावलं, कागद त्याच्याकडे दिला. तो वाचून म्हणाला, "बाबा, आपले शिंदे मामा आणि टूलरूमचे पाटील, हे दोघं यांच्याबरोबर राहतील का, एवढंच बघायचं." (नावं बदलली आहेत.) मी तिथेच शेवाळवाट ताईंचे प्रश्न काढले. सही कोणाची, बँकेत कोण, शेवटचा शब्द कोणाचा. पहिल्या दोनांना झटकन उत्तर मिळालं. तिसऱ्याला बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, यावर आम्हाला आठवडा द्या.

आज सकाळी उमेदवाराला भेटलो. कोणी सांगितलं ते सोडून सगळं समोर ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही. त्या दोघांपैकी एकाचं नाव त्यांनी स्वतःच घेतलं, म्हणाले, "त्याला मी सगळ्यांसमोर बोललो होतो. नंतर फोन करायला हवा होता, केला नाही." हे शब्द मी साहेबांना जसेच्या तसे कळवणार आहे, आणि तसं त्यांना सांगूनच निघालो.

पुढच्या गुरुवारी ते दिवसभर प्लांटला येतील, मामा आणि पाटील यांच्याबरोबर, साहेबांशिवाय. मापदंड ताईंच्या पद्धतीने दोघांना वेगवेगळे कागद देणार आहे. फीचं पत्रही पाठवलं, तिसरा हप्ता रुजू होण्यापासून तोडून. साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

---

साचा | रविवार, सकाळी ६:४०

चांगलं केलंत. त्यांना दहाला बोलावू नका. पहिली शिफ्ट सातला लागत असेल तर पावणेसातला गेटवर बोलवा, आणि दुपारचा डबा कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर ठेवा. गुरुवारी रात्री काय झालं ते इथं लिहा, मी वाट बघतोय.